प्लेलिस्ट दुसरीकडे नेली की गाणी गळतात : कारण कसं ओळखायचं आणि दुरुस्ती कशी करायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. घरच्या संगणकावर २०० गाण्यांची यादी व्यवस्थित वाजते. तीच एक्स्पोर्ट करून साउंडवाल्याच्या लॅपटॉपवर उघडली की साठच गाणी येतात, किंवा २०० च्या २०० नावं दिसतात आणि एकही वाजत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, गणपती मिरवणुकीच्या आदल्या रात्री, कार्यालयात हळदीच्या वेळी हे हमखास होतं. मग कुणीतरी बसून यादी हाताने परत लावतं, वेळ निभावते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सोलापुरात हा त्रास इतर गावांपेक्षा जरा जास्त होतो, त्याला कारण आहे. इथल्या एकेका घरातल्या संग्रहात तीन-चार लिप्या नांदतात. मराठी भक्तिगीतं, शहराच्या पूर्व भागातल्या लग्नांत लागणारी तेलुगू गाणी, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं, हिंदी-उर्दू कव्वाल्या असं सगळं एकाच यादीत असतं, आणि हल्ली फाइलींची नावंही ज्या त्या लिपीत असतात. प्लेलिस्टची जुनी रचना रोमन अक्षरांपलीकडचं काही गृहीत धरून केलेलीच नव्हती. गाडी अडते ती तिथे.

यादीत गाणी नसतात, पत्ते असतात

यादीची .एम३यू (m3u) किंवा .एम३यू८ (m3u8) ही साधी मजकुराची फाइल आहे. तिच्यावर राइट-क्लिक करून 'ओपन विथ'मधून नोटपॅड निवडा. एका ओळीत एका गाण्याचा पत्ता दिसेल, म्हणजे कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने ते गाणं ठेवलं आहे ते:

ई:\गाणी\मराठी\भक्ती\पहाटेची आरती.एमपी३

# या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी शेऱ्याच्या असतात. गाण्याची लांबी सेकंदांत, गायक, शीर्षक ही माहिती तिथे असते. ही ओळ चुकली किंवा उडाली तरी गाणं वाजतं. पत्त्याच्या ओळीतलं एक अक्षर हललं की गाणं गेलं.

याचा एक परिणाम बऱ्याच मंडळांत दरवर्षी दिसतो. यादीची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणजे गाणी पाठवली असा समज असतो. २०० ओळींची यादी जेमतेम ३० केबी भरते. तीच २०० गाणी, पाच मिनिटांचं एकेक आणि ३२० केबीपीएस दर्जाचं, अडीच जीबीच्या आसपास जातात. यादी आणि गाणी दोन्ही न्यावी लागतात. गाणीही व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठवली तर पोहोचेपर्यंत त्यांचं नाव बदलून 'एयूडी', तारीख आणि क्रमांक असं होतं, म्हणजे यादीतला पत्ता पुन्हा खोटा. पाठवायचीच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, त्यात मूळ नाव टिकतं.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मोजा

किती गाणी गळाली आणि नेमकी कोणती, यावरून कारण जवळजवळ नक्की कळतं. हे न बघता यादी परत परत एक्स्पोर्ट करण्यात रात्र जाते.

सगळीच गळाली असतील तर दोष पत्त्याच्या सुरुवातीत आहे, म्हणजे ड्राइव्ह किंवा मूळ फोल्डर. रोमन नावांची वाजतात आणि देवनागरी, तेलुगू, कन्नड नावांची गेली असतील तर दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीचा. फक्त पहिलं गाणं गेलं असेल किंवा यादीच्या डोक्यावर एक भलतीच न वाजणारी नोंद आली असेल, तर फाइलीच्या सुरुवातीला चिकटलेली न दिसणारी खूण हे कारण. मधलीच दोन-चार हट्टाने येत नसतील तर त्या नावांतच काहीतरी आहे. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत चिवट आहे.

सगळी गळाली : ड्राइव्ह आणि फोल्डर

बाहेरची हार्ड डिस्क घरी ई: म्हणून लागते. दुसरीकडे तिथे आधीच एखादा पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर ती एफ: होते. यादीत मात्र ई: लिहिलेलं आहे. प्लेअर ई:वर जातो, तिथे काही नाही, संपलं.

तात्पुरता उपाय दोन मिनिटांचा आहे. यादीची एक प्रत काढा, नोटपॅडमध्ये उघडा, कंट्रोल + एच दाबा. 'फाइंड'मध्ये ई:\गाणी\ आणि 'रिप्लेस'मध्ये एफ:\गाणी\ टाकून 'रिप्लेस ऑल' करा. फक्त ई: एवढंच शोधू नका. शेऱ्याच्या ओळीत गाण्याच्या शीर्षकातही ती अक्षरजोडी असू शकते.

स्वतःच्या संगणकापुरतं ड्राइव्हचं अक्षर पक्कं करता येतं. विंडोजची कळ + एक्स, मग 'डिस्क मॅनेजमेंट', डिस्कच्या पट्टीवर राइट-क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'चेंज', आणि एम: किंवा त्यापुढचं एखादं अक्षर. एवढ्या पुढचं अक्षर पेन ड्राइव्हला सहसा मिळत नाही, म्हणून टक्कर होत नाही. पण हे त्या एका संगणकालाच लक्षात राहतं. साउंडवाल्याच्या लॅपटॉपला याचा पत्ता नसतो.

सगळीकडे चालणारा उपाय म्हणजे पत्ता अर्धा लिहायचा. यादीची फाइल थेट 'गाणी' या मूळ फोल्डरमध्येच ठेवा आणि ओळीतला ई:\गाणी\ एवढा भाग काढून टाका, म्हणजे 'रिप्लेस'चा रकाना पूर्ण कोरा ठेवा. उरेल ते असं:

मराठी\भक्ती\पहाटेची आरती.एमपी३

आता प्लेअर यादी जिथे आहे तिथून पुढे शोधतो. डिस्क ई: असो की झेड:, फरक पडत नाही. यादीसाठी 'याद्या' नावाचं वेगळं फोल्डर करण्याचा मोह टाळलेला बरा. मग प्रत्येक पत्त्याच्या सुरुवातीला दोन टिंबं आणि बॅकस्लॅश, म्हणजे 'एक पायरी वर जा', अशी खूण लागते, आणि ती सगळ्याच प्लेअरना समजते असं नाही.

दुसरा एक प्रकार अलीकडे वाढला आहे. गाणी डेस्कटॉपवर किंवा 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलेली असतात आणि वनड्राइव्हचा बॅकअप कधीतरी चालू केला जातो. त्यासरशी ते फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जातं आणि पत्त्यात मध्येच एक नवं नाव घुसतं. डोळ्यांना डेस्कटॉप तसाच दिसतो, यादी मात्र मोडलेली असते. शिवाय जागा वाचवायला वनड्राइव्ह काही फाइली फक्त ढगात ठेवतो. आयकॉनजवळ ढगाचं चिन्ह दिसलं तर ते गाणं डिस्कवर नाही, इंटरनेट असेल तरच येईल. मिरवणुकीत रेंजच्या भरवशावर राहायचं नसेल तर गाणी वनड्राइव्हबाहेर, डिस्कच्या मुळाशी ठेवा.

रोमन वाजतात, बाकीची गेली : एन्कोडिंग

इथे थोडं खोलात जाऊ, कारण निम्म्याहून जास्त डोकेदुखी याच्यातच आहे.

कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरवणाऱ्या विंडोजच्या जुन्या 'एएनएसआय' तक्त्यांत देवनागरीला जागाच नाही. तेलुगूला नाही, कन्नडलाही नाही. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर चालणारा १२५२ क्रमांकाचा तक्ता पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी आहे. साध्या .एम३यूमध्ये यादी लिहिताना बरेच प्रोग्रॅम हाच तक्ता वापरतात. .एम३यू८मधला ८ हा यूटीएफ-८चा, आणि त्यात सगळ्या लिप्या बसतात. म्हणून एक्स्पोर्ट करताना प्रकार निवडायची सोय असेल तिथे डोळे झाकून .एम३यू८ घ्या.

मोडलेली यादी आधीच हातात असेल तर ती उघडून नेमकं काय दिसतं ते बघा. तीन शक्यता आहेत, आणि तिघींचा अर्थ वेगवेगळा आहे.

ओळीत प्रश्नचिन्हं दिसली, म्हणजे 'गाणी' या शब्दाच्या जागी ????, तर ती अक्षरं गेली. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला तक्त्यात अक्षर सापडलं नाही, त्याने प्रश्नचिन्ह ठेवलं. या फाइलीतून मूळ नाव कोणत्याही युक्तीने परत येत नाही. मूळ संगणकावरून .एम३यू८मध्ये पुन्हा एक्स्पोर्ट करणं एवढाच मार्ग आहे. नाव बदलून .एम३यूचं .एम३यू८ केलं तरी आतली प्रश्नचिन्हं प्रश्नचिन्हंच राहतात. हा उद्योग बरेच जण करतात.

चौकोन दिसले तर काही बिघडलेलं नाही. त्या संगणकावर ती लिपी दाखवणारा फाँट नाही, इतकंच. गाणं वाजतं का ते बघा, बहुधा वाजेल.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' (à) आणि त्यामागे चमत्कारिक चिन्हं, अशी लांबलचक माळ दिसली तर आनंद माना. बाईट, म्हणजे फाइलीत साठवलेले आकडे, शाबूत आहेत, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचले गेले. यूटीएफ-८मध्ये आपल्या लिप्यांचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा तीन बाईटांची असते. देवनागरीत त्यातला दुसरा बाईट १२५२च्या तक्त्यात ¤ किंवा ¥ असा दिसतो, तेलुगूत ° किंवा ±, कन्नडमध्ये ² किंवा ³. सोलापूरच्या मिश्र संग्रहात ही ओळख फार कामाला येते. नाव वाचता आलं नाही तरी गाणं कोणत्या भाषेतलं आहे ते चिन्हांवरून सांगता येतं.

दुरुस्तीसाठी नोटपॅड++ हा वेगळा प्रोग्रॅम वापरा. साध्या नोटपॅडमध्ये पुरेसं नियंत्रण मिळत नाही. फाइल उघडा आणि 'एन्कोडिंग' मेनूत जा. तिथे दोन गट आहेत आणि त्यांच्यात गल्लत करू नका. वरच्या गटातला 'यूटीएफ-८' फाइलीला हात लावत नाही, आहेत तेच बाईट यूटीएफ-८ समजून दाखवतो. खालचा 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' बाईटच बदलतो. आधी वरचा निवडा. अक्षरं सुधारली तर काम झालं. सुधारली नाहीत आणि मेनूत आधीपासूनच यूटीएफ-८वर खूण असेल, तर कुणीतरी बिघडलेलाच मजकूर सेव्ह करून ठेवला आहे. तेव्हा 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' करा आणि लगेच वरच्या गटातला 'यूटीएफ-८' निवडा. उलटी गाठ सुटते.

पण पूर्ण सुटेलच असं नाही. पाय मोडायच्या चिन्हाचा, म्हणजे हलन्ताचा, शेवटचा बाईट १२५२च्या तक्त्यात रिकाम्या घरात पडतो. 'ए' आणि 'ऐ' या स्वरांचंही तेच. विंडोज स्वतः ही घरं जपून नेतं, पण मधल्या एखाद्या प्रोग्रॅमने ती टाकून दिली असली तर 'आरती' परत येते आणि 'भक्ती' तुटकी येते. जोडाक्षरं असलेली नावंच तेवढी बिघडलेली दिसली तर कारण हे. ती हाताने दुरुस्त करा, किंवा मूळ यादी परत मागवा.

रोमन अक्षरांचाच कचरा दिसतो पण वरची चिन्हं कुठेच नाहीत, असा आणखी एक प्रकार जुन्या सीडींवरून उतरवलेल्या गाण्यांत सापडतो. ते एन्कोडिंग नव्हे. कॅसेट-सीडीच्या काळात स्टुडिओत श्रीलिपी किंवा तशाच फाँटात टाइप केलेली ती नावं आहेत. तो फाँट असला तरच ती मराठी दिसतात. त्यासाठी फाँट-कन्व्हर्टर लागतो. दहा-वीस गाणी असतील तर सरळ नव्याने टाइप करणं लवकर होतं.

पहिलंच गाणं गेलं

यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला काही प्रोग्रॅम तीन बाईटांची खूण ठेवतात. तिला बॉम म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, पण जुना प्लेअर ती पहिल्या पत्त्याचाच भाग समजतो. नोटपॅड++मध्ये 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' करून सेव्ह करा, 'यूटीएफ-८-बॉम' नको. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून साधं नोटपॅडही बॉमशिवाय सेव्ह करतं आणि एन्कोडिंग खालच्या पट्टीत दाखवतं. त्याआधीच्या विंडोजवर नोटपॅडने यूटीएफ-८ सेव्ह केलं की बॉम आलाच. साउंडवाल्यांकडे विंडोज ७चे लॅपटॉप अजून चालू आहेत, तेव्हा हे तपासा.

मधलीच दोन-चार गाणी

नाव यादीत आहे. फाइल फोल्डरमध्ये आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली तरी एकसारखी. तरी वाजत नाही.

मराठीत हे बहुतेक वेळा 'ऱ्या' आणि 'ॲ' या दोन ठिकाणी होतं. 'वाऱ्यावर'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक, ही जुन्या कीबोर्डांची पद्धत. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. तसाच 'ॲ' हा एक सबंध संकेत (अक्षराचा ठरलेला आकडा) असू शकतो, किंवा अ वर अर्धचंद्र ठेवून केलेला असू शकतो. 'ॲल्बम' नावाचं फोल्डर दोघांनी दोन कीबोर्डांवर केलं तर एका डिस्कवर शेजारी शेजारी दोन 'ॲल्बम' फोल्डर होतात, आणि संगणकाच्या लेखी ते खुशाल वेगळे असतात.

यात मॅकचा आणखी एक पदर आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस+ डिस्कवर नाव लिहिताना ऱ फोडून र आणि नुक्ता असे दोन संकेत केले जातात. रेकॉर्डिंग स्टुडिओतून मॅकवरून आलेली गाणी विंडोजवर कॉपी केली की ते फोडलेलं नाव तसंच येतं.

पारख अशी करा. फाइल एक्स्प्लोररमध्ये त्या गाण्यावर एफ२ दाबून नाव कॉपी करा, नोटपॅड++मध्ये यादी उघडून कंट्रोल + एफने ते शोधा. डोळ्यांना दिसतंय आणि शोधात सापडत नाही, म्हणजे संकेत वेगळे आहेत. यादीतलं नाव काढून कॉपी केलेलं नाव त्या जागी चिकटवा. हाताने टाइप करू नका, पुन्हा तीच चूक होईल.

हेही कारण नसेल तर पुढच्या गोष्टी बघा. फाइलीचं नाव # ने सुरू होत असेल आणि ती यादीच्याच फोल्डरमध्ये असेल तर प्लेअर ती ओळ शेरा समजून सोडून देतो. नाव बदला. फोल्डरचं नाव टिंबाने संपत असेल, उदाहरणार्थ गायकाच्या नावाआधीचं 'पं.' किंवा 'डॉ.' एवढंच, तर विंडोज शेवटचं टिंब गुपचूप गाळतं. टॅगवरून, म्हणजे गाण्याच्या फाइलीतच साठवलेल्या गायक-शीर्षकाच्या माहितीवरून, आपोआप फोल्डर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत 'पं.' आणि डिस्कवर 'पं' असा घोळ त्यातून होतो. प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखा दिसणारा कोलन ही चिन्हं फोनवर किंवा लिनक्सवर ठेवलेल्या नावात चालून जातात, विंडोजवर कॉपी होतानाच ती अडतात किंवा बदलतात.

लांब नावांचं गणित देवनागरीत वेगळं पडतं. विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रॅमना सबंध पत्ता २६० अक्षरांच्या आत लागतो, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. 'सिद्धेश्वर' हा वाचायला चार अक्षरांचा शब्द तिथे दहा भरतो. फोनवर आणि लिनक्सवर मर्यादा पत्त्याऐवजी एका नावाला असते, ती साधारण २५५ बाईटांची. एका चिन्हाला तीन बाईट, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. यूट्यूबवरच्या शीर्षकांसारखी गायक, संगीतकार, कंपनी, 'सुपरहिट' सगळं कोंबलेली देवनागरी नावं विंडोजवर चालतात आणि फोनवर कॉपी होत नाहीत, त्याचं कारण हे.

कोणत्या प्रोग्रॅममधून काय काढायचं

आयट्यून्समध्ये यादी निवडून 'फाइल', 'लायब्ररी', 'एक्स्पोर्ट प्लेलिस्ट' असं जा आणि खालच्या 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये एम३यू८ निवडा. तिथे आधीच निवडलेला प्रकार तसाच ठेवून पुढे जाऊ नका. एक्सएमएल काढली तर तिच्यात पत्ते टक्क्याच्या चिन्हांत लिहिलेले असतात. देवनागरीच्या एका अक्षराची तिथे नऊ चिन्हं होतात. ती फाइल वाचता येत नाही म्हणून घाबरू नका, ती बरोबर आहे. फक्त ती दुसऱ्या डीजे प्रोग्रॅमला देण्यासाठी आहे, नोटपॅडमध्ये शोध-बदल करण्यासाठी नाही. ॲपल म्युझिकच्या वर्गणीतून उतरवलेली गाणी संरक्षित असतात. यादी कितीही नीट नेली तरी ती दुसऱ्या प्लेअरवर वाजणार नाहीत.

व्हीएलसीमध्ये 'मीडिया', 'सेव्ह प्लेलिस्ट टू फाइल' किंवा कंट्रोल + वाय. इथेही प्रकारात एम३यू८ घ्या, एक्सएसपीएफ नको. फूबार२००० या प्लेअरचा .एफपीएल आणि एआयएमपी (AIMP) या प्लेअरचा स्वतःचा प्रकार फक्त त्याच प्रोग्रॅमला कळतो. विंडोज मीडिया प्लेअरचा .डब्ल्यूपीएलही टाळा.

नियमांवर चालणाऱ्या याद्या, जसं 'गेल्या महिन्यात आलेली आणि चार तारे दिलेली', एक्स्पोर्ट केल्या की गोठतात. त्या क्षणी त्यात जी गाणी होती तेवढीच जातात, नियम जात नाही. तारे, किती वेळा वाजलं, डीजेने लावलेले क्यू पॉइंट (गाणं कुठून सुरू करायचं त्या खुणा) हेही एम३यू८मधून जात नाही. क्यू हवे असतील तर त्याच डीजे प्रोग्रॅमचा डेटाबेस डिस्कसकट न्यावा लागतो. व्हर्च्युअल डीजे बाहेरच्या डिस्कवर स्वतःचं फोल्डर करून त्यात ही माहिती ठेवतो. पसारा समजून ते फोल्डर पुसू नका.

अँड्रॉइड फोनसाठी यादीची वेगळी प्रत करा आणि त्यातले सगळे बॅकस्लॅश \ बदलून साधे स्लॅश / करा. पत्ते अर्धेच ठेवा, यादी गाण्यांच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवा आणि प्लेअरला त्या फोल्डरची परवानगी द्या. परवानगी अर्धी दिली तर गाणी दिसतात आणि यादी दिसत नाही.

नावं आधी, याद्या मागाहून

संग्रह लावायला घेतला की उत्साहाच्या भरात फाइलींची नावं एकदम बदलली जातात. त्या दिवशी आधीच्या सगळ्या याद्या मोडतात. क्रम उलटा ठेवा. आधी टॅग नीट करा, मग टॅगवरून नावं, मग फोल्डर, आणि सगळ्यांत शेवटी याद्या.

टॅग बदलायच्या एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये आल्ट + १ने टॅगवरून फाइलीचं नाव होतं, आल्ट + २ने नावावरून टॅग. लिहिण्याचा प्रकार आयडी३ २.३ आणि यूटीएफ-१६ असा असतो, तो तसाच राहू द्या. २.४ नवा असला तरी जुन्या यंत्रांना तो वाचता येत नाही. 'आर्टिस्ट'मध्ये गाणी उतरवलेल्या वेबसाइटचं नाव भरलेलं असेल तर ते सगळ्यांत आधी काढा, नाहीतर हजार गाण्यांचा गायक एकच दिसतो. एका अल्बमचे पाच तुकडे होत असतील तर 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा आहे. सगळ्या गाण्यांना तिथे एकच नाव द्या. 'ऱ्या' आणि 'ॲ' याच वेळी एकसारखे करून टाका.

नावं बदलायचीच असतील आणि याद्याही वाचवायच्या असतील तर हे काम फाइल एक्स्प्लोररमध्ये न करता यादी ज्या प्रोग्रॅममध्ये आहे त्याच्यातच करा. आयट्यून्स आणि म्युझिकबी स्वतः नाव बदलतात तेव्हा स्वतःच्या याद्यांतला पत्ताही बदलतात.

फोल्डरांची रचना फार खोल नको. 'गाणी', त्यात भाषा, त्यात प्रसंग किंवा गायक, बस. मूळ फोल्डरांची नावं रोमन लिपीत आणि गाण्यांची नावं आपल्या लिपीत, ही तडजोड व्यवहारात चांगली चालते. एन्कोडिंग बिघडलं तरी निदान गाणं कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते कळतं.

कारचा पेन ड्राइव्ह

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या वाटेवर वाजवायला भरलेल्या पेन ड्राइव्हची तक्रार वेगळीच असते : यादी आहे, पण गाणी भलत्याच क्रमाने वाजतात. बरेच कार स्टिरिओ एम३यू वाचतच नाहीत, त्यामुळे यादी दुरुस्त करत बसू नका. क्रम नावांतूनच द्यावा लागतो. प्रत्येक नावाआधी तीन आकडी क्रमांक घाला, आणि तो इंग्रजी आकड्यांत (001). देवनागरी आकडे संकेतांच्या क्रमात क ते ह नंतर येतात, त्यामुळे साध्या स्टिरिओवर '००१' हे 'हरिपाठ'च्याही मागे जाऊन बसतं.

तरीही क्रम चुकत असेल तर तो स्टिरिओ नावं बघतच नाही, ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतो. पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, गाणी परत टाका आणि ड्राइव्हसॉर्टसारख्या साधनाने डिस्कवरची नोंद नावांच्या क्रमाने लावून घ्या. ३२ जीबीपर्यंतचा पेन ड्राइव्ह घेतला तर विंडोजच्या साध्या फॉरमॅटमध्येच फॅट३२ मिळतं. मराठी शीर्षकाच्या जागी पडद्यावर कोरी पट्टी किंवा चौकोन दिसले तर त्या यंत्रात देवनागरी फाँट नाही. त्यावर इलाज नाही, त्या प्रतीपुरती रोमन शीर्षकं द्यावी लागतात. आणि एप्रिल-मेच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत पेन ड्राइव्ह खोचून ठेवू नका. सोलापूरच्या उन्हापुढे कोणतं एन्कोडिंग वाचवणार!

कार्यक्रमाच्या आधीची तपासणी

यादी तयार झाल्यावर ती स्वतःच्या लॅपटॉपवर वाजवून बघण्याला अर्थ नाही. तिथे ती वाजणारच. डिस्क काढा, आधी दुसरा एखादा पेन ड्राइव्ह लावा म्हणजे अक्षर बदलेल, मग डिस्क लावून यादी एका वेगळ्याच प्लेअरमध्ये उघडा. गाण्यांची संख्या जुळते का ते बघा. मग पहिलं गाणं, शेवटचं गाणं, एक तेलुगू किंवा कन्नड नावाचं, आणि नावात 'ऱ्या' असलेलं एक, अशी चार वाजवा. शक्य असेल तर हेच साउंडवाल्याच्या लॅपटॉपवर आदल्या दुपारी करा, रात्री ट्रॅक्टरवर स्पीकर चढल्यावर नको.